ठकीचा पाय आणि अण्णाचा राग

ठकी कुठून पडली ते आम्ही कुणी पाहिलं नाही. संध्याकाळी दाराशी आली तेव्हा तिचा डावा पुढचा पाय फरशीवरून ओढला जात होता आणि पंजा उलटा, वरची बाजू जमिनीला घासत होता. ओरडत नव्हती. लंगडणारं मांजर दुखरा पाय उचलून धरतं, हे मला माहीत होतं. ही तो उचलतच नव्हती. डाव्या डोळ्याची पापणी जराशी उतरलेली आणि बाहुली उजवीपेक्षा लहान. मला वाटलं, डोळ्यालाही मार बसलाय.

एक्स-रेमध्ये एकही हाड मोडलेलं दिसलं नाही. मी हुश्श केलं ते फार लवकर. डॉक्टरांनी चिमट्यानं तिचं एक बोट करकचून दाबलं आणि ठकी समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. "हाड मोडलेलं परवडलं असतं," डॉक्टर म्हणाले. पुढच्या पायात जाणाऱ्या नसांचा जुडगा मणक्यापाशी मुळातूनच उपटला गेल्याची शंका होती. डोळ्यातला बदलही त्यातलाच, कारण बाहुलीकडे जाणाऱ्या काही नसा मानेच्या खालच्या त्याच भागातून वर चढतात. नसा नुसत्या ताणल्या गेल्या असतील तर काही वेळा सावरतात, म्हणून थांबून पाहायचं ठरलं.

पाच आठवडे थांबलो. रोज पट्टी, रोज तपासणी. ओढून ओढून पंजाची वरची कातडी सोलवटली, जखम चिघळली, आणि एका सकाळी पाहिलं तर ठकी स्वतःचंच बोट कुरतडत होती. तिच्या लेखी ते कुणाचं तरी लोंबणारं काहीतरी होतं. त्या दिवशी डॉक्टरांना फोन केला आणि म्हटलं, काढून टाका.

"कोपरापर्यंत तरी ठेवता येईल का?" असं मी विचारलं होतं. अर्धा पाय म्हणजे अर्धं नुकसान, असा माझा हिशेब. तो साफ चूक निघाला. थुटका ठेवला तर मांजर त्याच्यावर टेकायला बघतं आणि तिथली कातडी पुन्हा पुन्हा फाटते. शिवाय वरचे स्नायू वाळले की खांद्याच्या चपट्या हाडावरची उभी कड कातडीखालून टोचायला लागते. म्हणून पुढचा पाय बहुतेक वेळा खांद्याच्या हाडासकट काढतात. ते हाड मांजरात धडाला सांध्यानं जोडलेलं नसतंच, नुसतं स्नायूंनी बांधलेलं असतं. मागचा पाय असेल तर मांडीच्या मध्यातून किंवा खुब्यातून. हे सगळं कळल्यावर मी "थोडासा तरी" म्हणणं सोडलं.

आता घरातली बाकीची मंडळी सांगायला हवीत, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांचीच आहे. अण्णा हा आमचा नऊ वर्षांचा करडा बोका, घराचा मालक. पिंट्या दीड वर्षाचा, अंगात वारं भरलेला. आणि ढोल्या, तीस किलोचा कुत्रा, ज्याच्या शेपटीनं टेबलावरचे पेले पडतात. ठकी आणि अण्णा चार वर्षं एकमेकांच्या अंगावर झोपत आले होते. ऑपरेशनच्या आधी मी जिने, ट्रे, औषधं, सगळ्याचा विचार केला. अण्णाचा केला नाही. तो तर तिचाच ना.

ठकी एक रात्र दवाखान्यात राहून दुसऱ्या दिवशी घरी आली. मागची छोटी खोली तिच्यासाठी रिकामी केली होती. पलंगाची गादी जमिनीवर, खिडकीचा कट्टा पुठ्ठ्यानं बंद, म्हणजे उडी मारायला काही नकोच. डावी बाजू मानेपासून बरगड्यांपर्यंत भादरलेली, त्यावर टाक्यांची लांब रेघ, आणि तिच्याभोवती जांभळट डाग. हा डाग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणखी गडद होऊन खाली छातीकडे उतरला. साकळलेलं रक्त उतारानं खालीच सरकणार. आधी सांगून ठेवलेलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी रात्री दोनला डॉक्टरांना उठवलं असतं. पाचव्या दिवशी जखमेखाली मऊ, पाण्यानं भरल्यासारखा फुगा आला. तोही आपोआप जिरला. "सुई घालून काढूया का?" या माझ्या प्रश्नावर डॉक्टरांनी फक्त मान हलवली. सुईनं काढलं तर ते पुन्हा भरतं, वर जंतू आत जायची वाट होते.

तीन गोष्टींवर डोळा ठेवायचा होता: खाणं, लघवी आणि वेदना. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं, आणि जाडं मांजर जास्त धोक्यात. ठकीनं पहिल्या संध्याकाळी वाटीकडे पाठ फिरवली. ओलं खाणं कोमट करून, बोटावर घेऊन तिच्या ओठाला लावलं तेव्हा चाटलं, मग वाटी संपवली. कोमट केलं की वास सुटतो, आणि मांजर आधी नाकानं जेवतं. लघवी घरी आल्यावर रात्री उशिरा झाली. शी मात्र चौथ्या दिवशी. अफूच्या जातीची वेदनाशामकं आतडी सुस्त करतात. ट्रेमध्ये नेहमीचे दाणे न घालता फाडलेला कागद घातला होता, जखमेला काही चिकटू नये म्हणून, आणि ट्रेची पुढची भिंत कापून जवळजवळ जमिनीला आणली होती.

वेदना ओळखणं सगळ्यात अवघड. मांजर दुखलं तरी घुरघुरतं, त्यामुळे घुरघुरीवर विश्वास ठेवायचा नाही. डॉक्टरांनी चेहरा वाचायची एक पद्धत शिकवली, मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली मांडलेली. कान कुठे वळलेत, डोळे किती आवळलेत, नाकातोंडाचा भाग ताणलेला आहे का, मिशा कशा आहेत, डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का. पाच गोष्टी, प्रत्येकीला शून्य ते दोन गुण, आणि दहापैकी चार झाले की औषध कमी पडतंय असं समजायचं. मी वहीत दिवसातून चारदा गुण लिहीत होते. तिसऱ्या रात्री पाच झाले, फोन केला, औषध वाढलं. नुसती "बरी दिसतेय" म्हणत बसले असते तर ती रात्र तिनं तशीच काढली असती.

गालाच्या आत सोडायचं एक औषध होतं, सूज आणि ठणका कमी करणारं दुसरं, आणि तिसरं नसांच्या दुखण्यासाठी. हे तिसरं महत्त्वाचं. ठकी मधूनच दचकून उठायची, नसलेल्या पायाकडे गर्रकन वळायची आणि कुणीतरी मागे लागल्यासारखी तीन पायांनी धावत सुटायची. मेंदूला तो पाय अजून ऐकू येत असतो. औषधानं हे झटके कमी झाले, आणि तेही एकदम बंद न करता हळूहळू उतरवलं. या औषधाचं माणसांसाठी मिळणारं गोड सिरप परस्पर आणायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यात अनेकदा साखरेऐवजी गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल असतं, आणि ते ढोल्यानं सांडलेलं चाटलं तर कुत्र्याच्या जिवावर येऊ शकतं. एकाचं औषध दुसऱ्याचं विष होऊ शकतं, हे अनेक प्राणी असलेल्या घरात लक्षात ठेवावंच लागतं. माझी आई दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "अगं, एवढी कण्हतेय, आपली तापाची अर्धी गोळी दे ना." माणसाची ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला मारते, अर्धीसुद्धा. मी घरातल्या सगळ्या गोळ्या कपाटात टाकून किल्ली खिशात घातली. आई दोन दिवस रुसली होती.

ठकी चौथ्या दिवशी चालली. म्हणजे उडत चालली, प्रत्येक पावलाला डोकं वर-खाली. आठव्या दिवशी तिनं दाराशी बसून म्यांव म्यांव करून घर डोक्यावर घेतलं. दाराबाहेर अण्णा बसलेला. मला वाटलं, दोघं एकमेकांसाठी झुरतायत. दार उघडलं.

अण्णानं नाक पुढे केलं, हुंगलं, आणि शेपटी बाटली धुवायच्या ब्रशएवढी फुलवून असा फिस्कारला की मीच मागे सरले. ठकी पळाली, गुळगुळीत फरशीवर तोंडावर पडली, अण्णा तिच्या मागे, ढोल्या भुंकत त्या दोघांच्या मागे. तीन-चार सेकंदांचा खेळ. तिच्या अंगावर टॉवेल टाकून उचलली तेव्हा टाक्यांच्या एका टोकाला रक्त आलं होतं. टाका सुटला नव्हता, एवढंच नशीब.

डॉक्टर चिडले नाहीत, पण जे बोलले ते चिडण्यापेक्षा जास्त लागलं. "तुम्ही कुणाची ओळख करून दिलीत त्याला?" म्हणाले, "तुमच्यासाठी ती ठकी आहे. त्याच्यासाठी ठकी म्हणजे एक वास."

मग मी अण्णाच्या बाजूनं विचार करायला बसले. एका घरात राहणारी मांजरं गाल घासून, एकमेकांना चाटून सगळ्यांचा मिळून एक वास तयार करतात, आणि त्या वासावर आपलं-परकं ठरतं. ठकी परत आली ती स्पिरिट, जंतुनाशक आणि दहा अनोळखी जनावरांचा वास घेऊन. गळ्यात कोन, म्हणजे जखम चाटू नये म्हणून डोक्याभोवती बांधतात तो शंकू, त्यामुळे स्वतःला चाटून जुना वास परत आणायची सोय नाही. कोनामुळे डोकं परातीएवढं, मिशा झाकलेल्या. औषधानं डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, म्हणजे अण्णाला वाटणार ही रोखून बघतेय, आणि मांजरांमध्ये रोखून बघणं हे भांडणाचं आमंत्रण असतं. चाल वेगळी. त्यानं काय चूक केली? त्याच्या घरात एक विचित्र, डोळे वटारलेला प्राणी घुसला होता. पाय नसणं हे त्याच्या यादीत बहुधा नव्हतंच.

दुसऱ्या दिवसापासून नव्यानं सुरुवात, नवीन मांजर घरात आणताना करतात तशी. स्वच्छ मोजा हातात घालून अण्णाचे गाल चोळायचे आणि तो मोजा ठकीच्या गादीवर ठेवायचा, ठकीचा त्याच्या जागेवर. पहिल्या मोज्यावर अण्णा फिस्कारला. चौथ्या मोज्यावर झोपला. दोघांच्या वाट्या बंद दाराच्या दोन बाजूंना, आधी लांब, मग रोज वीतभर जवळ. ठकीला आंघोळघरात बंद करून अण्णाला अर्धा तास तिच्या खोलीत फिरू द्यायचं. कोनाच्या जागी, मी समोर बसलेली असताना, तान्ह्या बाळाचं झबलं घालून पाहिलं, डाव्या बाहीचं तोंड शिवून टाकलं. ते जमलं. मिशा मोकळ्या झाल्या आणि मागचं अंग ती स्वतः चाटू लागली. माझ्या मते त्या सगळ्या काळातली माझी एकमेव हुशारी ती.

पिंट्याबद्दल सांगायला फारसं काही नाही. त्याला वास-बीस काही नव्हतं, दाराखालून पंजा घालून खेळायला बोलवायचा. त्याचा धोका वेगळा: प्रेमानं अंगावर उडी मारेल. ढोल्याला घरातही साखळी. "कुत्र्याच्या जिभेत औषध असतं, चाटू दे जखम," असं सांगणारे दोघं-तिघं भेटले. त्या जिभेत जंतू असतात आणि टाके सुटायला चार चाटणी पुरतात.

तेराव्या दिवशी सकाळी अण्णा ट्रेमध्ये बसला, उठला, परत बसला. थेंबभर. मग माझ्या पांढऱ्या चादरीवर बसला, तिथेही थेंबभर, लालसर. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. ती तुंबली तर दोन-तीन दिवसांत जीव जातो, यात वाट बघायची नसते. ठकीचे टाकेही त्याच दिवशी काढायचे होते. दोन पेट्या, दोन मांजरं, एक मी.

तुंबलेलं नव्हतं. मूत्राशयाला सूज होती, जंतू नव्हते. "ताण," डॉक्टर म्हणाले. घरातली घडी विस्कटली की काही मांजरांच्या मूत्राशयावर निघतं. मी त्या क्षणी खरंच खजील झाले. तेरा दिवस मी एका मांजराचे गुण वहीत लिहीत होते आणि दुसरं आजारी पडत होतं. त्याची झोपायची खोली मी ठकीला दिली होती. रोज रात्री मी ठकीजवळ निजत होते. चार ट्रेंपैकी एक ठकीकडे आत गेला आणि उरलेले मी अडगळ नको म्हणून एका कोपऱ्यात ओळीनं लावले होते, म्हणजे मांजरांच्या हिशेबानं एकच ट्रे. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, आणि तेही वेगवेगळ्या जागी, असं मला तोंडपाठ होतं. पाठ असून काय उपयोग.

अण्णाला वेदनाशामक, भरपूर पाणी, ओलं खाणं, आणि रोज अर्धा तास फक्त त्याचा. ट्रे विखुरले. खोक्यांना दोन-दोन तोंडं कापली, म्हणजे आत बसलेल्याला कुणी कोंडीत पकडू नये. एका तोंडाचं खोकं म्हणजे सापळा.

आणि एक गंमत झाली. दोघं त्याच टेबलावरून, त्याच हातांनी हाताळून, तोच जंतुनाशकाचा वास घेऊन घरी आले. दाराच्या जाळीतून त्यांनी एकमेकांना हुंगलं आणि कुणीच फिस्कारलं नाही. योगायोग असेल, मोज्यांचा परिणाम असेल. फिस्कारला तो पिंट्या, दोघांवरही.

त्यानंतर जाळी, मग पाच मिनिटं एका खोलीत, मग वीस. रोज प्रसंग बरा असतानाच संपवायचा, हे मला फार जड गेलं, कारण बरं चाललं की आपल्याला "अजून थोडं" वाटतं. दार कायमचं उघडं राहिलं ते ऑपरेशननंतर बरोबर सहाव्या आठवड्यात.

ठकीचं स्वतःचं शिकणं त्या मानानं सोपं होतं. मांजराच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे पुढचा पाय गेलेल्याला वर चढणं जमतं, उतरणं छळतं. मागचे पाय शाबूत, म्हणून महिन्याच्या आत ती कपाटावर पोचली. खाली येताना हनुवटीवर आपटली. मग पलंगाला आणि खिडकीला पायऱ्या लावल्या, उतरायची जागा होती तिथे जाड गादी, आणि सगळ्या फरशीवर योगासनांच्या चटयांचे तुकडे. वाटी चार बोटं उंच केली, म्हणजे एका पायावर वाकून खावं लागत नाही. उरलेल्या पंजाची नखं वेळेवर कापते, कारण चटईत नख अडकलं की ती सरळ तोंडावरच. वजन दर महिन्याला बघते. चार किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण उरलेल्या खांद्याला आता दोघांचं काम आहे.

पिंट्या तिच्यावर नेहमी डावीकडून झडप घालतो, तिकडून टपली येत नाही हे त्यानं दोन दिवसांत ओळखलं. ठकीनं आठवडाभरात उत्तर शोधलं: ती आता भिंतीला डावी बाजू लावून बसते.

ट्रेमध्ये मात्र ती अजून डाव्या पायानं माती ओढते. नसलेल्या पायाच्या जागी कातडीखाली काहीतरी हलतं, पाच-सहा वेळा, आणि मग समाधानानं ती बाहेर पडते. काहीही झाकलेलं नसतं. मी झाकते.

डाव्या गालाचंही तसंच. मांजर डावा गाल डाव्या पंजानं पुसतं, तो नाही म्हणून तिची ती बाजू मळकट राहायची आणि मी ओल्या फडक्यानं रोज पुसायचे. तिसऱ्या महिन्यात एकदा फडकं घेऊन गेले तर गाल आधीच ओला. कानापर्यंत केस चिकटलेले. शेजारी अण्णा डोळे मिटून बसलेला. दुसऱ्या दिवशी लपून पाहिलं. तो तिची मान पंजानं दाबून, अगदी नेटानं, फक्त डावी बाजू चाटत होता. चाटून झाल्यावर त्यानं तिला एक सणसणीत टपली दिली. ठकी मागच्या पायांवर उभी राहिली आणि उरलेल्या पंजानं तिनं ती परत केली.